पार्कमन यांची कवळी

रात्र बरीच झाली आहे, पण डॉक्टर नेथन कीप यांच्या कामाच्या खोलीतली भट्टी अजून विझलेली नाही. साल १८४६, शरद ऋतू सरत आलेला, शहर बॉस्टन. तुम्ही दाराशी उभे आहात. आतल्या माणसांना तुमची चाहूलही लागत नाही, कारण त्यांचे डोळे भट्टीच्या तोंडाकडे लागले आहेत. रस्त्यावर अंगात शिरणारी थंडी आहे. इथे कोळशाची धग, तापलेल्या मेणाचा वास आणि सगळ्या वस्तूंवर बसलेली प्लास्टरची पांढरी पूड.

टेबलाजवळ या. सोन्याच्या पत्र्याची, जबड्याच्या आकारात ठोकून वळवलेली पट्टी आहे. बारीक वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत. वरची आणि खालची कवळी या स्प्रिंगांनी एकमेकींना जोडायची, म्हणजे बोलताना ती जागेवर राहते. पट्टीवर बसवायचे दात मात्र सुटे नाहीत. चिनी मातीच्या एकेका ठोकळ्यात काही दात एकत्र कोरलेत आणि त्यांच्या मुळाशी हिरडीचा गुलाबी रंग चढवलाय. कीप यांनी तरुणपणी दागिने घडवणाऱ्याकडे उमेदवारी केली होती. ते कोरीव काम बघताना तुम्हाला आश्चर्य वाटत नाही.

मधोमध प्लास्टरचा एक जबडा ठेवलाय. उचलून बघा. खालचा जबडा चांगलाच पुढे आलेला. ज्याचा तो आहे तो माणूस बॉस्टनमध्ये लांबूनही हनुवटीवरून ओळखू येतो. डॉक्टर जॉर्ज पार्कमन. शिक्षणाने वैद्य, पण आयुष्य गेलं जमीनजुमला सांभाळण्यात, घरभाडी वसूल करण्यात आणि व्याजाने पैसे देण्यात. हार्वर्डच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयाला जागा त्यांनीच दिली. उद्घाटनाचा समारंभ तोंडावर आहे आणि कवळी तोपर्यंत हवी, नाहीतर आपण समारंभाला येणारच नाही, असं त्यांनी कीप यांना बजावलं आहे.

भट्टीचं दार उघडतं. चिमट्याने ठोकळे बाहेर येतात आणि खोलीत कुणीच बोलत नाही. खालच्या जबड्याचा उजव्या बाजूचा ठोकळा भाजताना बिघडलाय. आता माती पुन्हा मळायची, दात पुन्हा कोरायचे, पुन्हा भाजायचं. तुम्ही थांबा, बघत राहा. ही रात्र पुढे एका माणसाच्या गळ्यातल्या फासाचं कारण होणार आहे, पण या घडीला कीप यांच्या डोक्यात फक्त उजवीकडचा ठोकळा आहे.

समारंभाला अर्धा तास उरला असताना कवळी पार्कमन यांच्या तोंडात बसते.

काही काळाने ते तक्रार घेऊन परत येतात: जिभेला जागा पुरत नाही. कीप खालच्या कवळीची आतली बाजू घासायला घेतात. ठोकळे आता सोन्याच्या पट्टीवर पक्के बसलेत, मोठं चाक आत शिरत नाही, म्हणून एका सेंटच्या नाण्याएवढं छोटं चाक वापरावं लागतं. चाक फिरतं तसा गुलाबी रंग उडतो, वरची झिलई जाते आणि आतल्या बाजूला उथळ खोलगट उतार तयार होतो. हा उतार नीट बघून ठेवा. जगात दुसऱ्या कुठल्याही कवळीला तो तसाच्या तसा असणार नाही, कारण त्याच्यामागे एका माणसाची जीभ, एका कारागिराचा हात आणि एक अडचणीची जागा आहे.

काम संपल्यावर प्लास्टरचा जबडा कीप फेकून देत नाहीत. पुन्हा दुरुस्तीला लागेल म्हणून तो ठेवून देतात. मला या सगळ्या हकिकतीत सर्वात मोलाची वाटते ती ही कृती. एक्स-रेचा शोध लागायला अजून एकोणपन्नास वर्षं आहेत. दातांची साक्ष कोर्टात चालेल, असं इथे कुणाच्या मनातही नाही. एक साधा, नेटका दवाखाना चालवणारा माणूस आपल्या रुग्णाचा साचा जपून ठेवतो, इतकंच.

आता तीन वर्षं पुढे. शुक्रवार, २३ नोव्हेंबर १८४९, दुपार. उंच टोपी, काळा कोट, लांब लांब ढांगा. पार्कमन वसुलीला पायीच फिरतात आणि त्यांच्या मागे चालताना तुम्हाला धाप लागते. वाटेत ते आजारी मुलीसाठी लेट्यूसचा पाला घेतात, तो एका किराणा दुकानात ठेवतात, येताना नेतो म्हणतात आणि नॉर्थ ग्रोव्ह स्ट्रीटच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळतात. त्यांनीच दिलेल्या जागेवरची इमारत. आत रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हाइट वेबस्टर वाट बघताहेत. वेबस्टर कर्जबाजारी आहेत. खनिजांचा आपला संग्रह त्यांनी पार्कमन यांच्याकडे गहाण टाकला होता आणि तोच संग्रह दाखवून दुसऱ्याकडूनही पैसे उचलले. हे पार्कमन यांना कळलं आहे.

दार बंद होतं. तुम्ही बाहेरच थांबा. आत काय झालं ते कुणी पाहिलं नाही आणि पुढचा सगळा खटला त्या न पाहिलेल्या गोष्टीभोवती फिरणार आहे. तुम्ही जर आत डोकावलात, तर दातांची किंमत तुम्हाला कळणार नाही.

पाला दुकानातच राहतो. शहरभर हजारो पत्रकं वाटली जातात. जिवंत सापडल्यास ३००० डॉलर बक्षीस. चार्ल्स नदीचं पात्र गळ टाकून ढवळलं जातं. इमारतीचा रखवालदार एफ्रेम लिटलफील्ड मात्र वेबस्टर यांच्या दाराकडे बघत राहतो. दारं एरवीपेक्षा जास्त वेळ आतून बंद असतात. प्रयोगशाळेतल्या भट्टीमागची भिंत इतकी तापते की हात ठेवता येत नाही. आणि कधी काही न देणारे प्राध्यापक थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी त्याला एक टर्की देऊ करतात.

सणाच्या दिवशी लिटलफील्ड इमारतीच्या पोटात उतरतो. तुम्हीही उतरा, डोकं सांभाळून. खाली अंधार, दमट माती, भरतीच्या पाण्याचा खारट कुबट वास. वेबस्टर यांच्या खासगी शौचकूपाखालचा खड्डा तेवढाच कुणी तपासलेला नाही आणि त्याला वरून वाट नाही. म्हणून विटांची भिंत फोडायची. वर बायको पहारा देते. प्राध्यापक आलेच तर जमिनीवर ठोके मारायचे, असं ठरलंय. पहिल्या दिवशी काम पुरं होत नाही. दुसऱ्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, पहार घेऊन तो पुन्हा येतो. शेवटची वीट निखळते, वाऱ्याने दिवा फडफडतो, तो हाताने आडोसा करून कंदील आत धरतो. माणसाचा कटिभाग, मांडी, पायाचा खालचा भाग.

त्या रात्री वेबस्टर यांना अटक होते. भट्टीच्या राखेतून हाडांचे तुकडे, वितळलेलं थोडं सोनं आणि चिनी मातीच्या दातांचे ठोकळे निघतात. चहाच्या एका पेटीत धड सापडतं. डोकं नाही, हात नाहीत.

इथे एक क्षण थांबून विचार करा. ही इमारत वैद्यकीय महाविद्यालयाची आहे. इथे मृतदेहांची चिरफाड रोज होते. सापडलेले अवयव कुणाचेही असू शकतात, आणि बचावाचा वकील हेच म्हणणार. ते शरीर पार्कमन यांचंच, हे सिद्ध झालं नाही, तर खुनाचा खटला उभाच राहत नाही. धडावर चेहरा नाही. बोटांच्या ठशांचं शास्त्र अजून जन्मलेलं नाही. उरलं काय, तर राखेत काळवंडलेली चिनी माती.

सोमवारी एक डॉक्टर ते तुकडे कीप यांच्यासमोर ठेवतात. तुम्ही त्यांच्या खांद्यामागून बघताय. कीप डावीकडचा ठोकळा उचलतात, खिडकीच्या उजेडात धरतात आणि आतल्या बाजूवरून अंगठा फिरवतात. तो उतार. ते उठतात, साचा काढून आणतात. पार्कमन आता परत येणार नाहीत, हे त्या खोलीत सगळ्यांत आधी त्यांना कळतं.

मार्च १८५०. मॅसेच्युसेट्सचं सर्वोच्च न्यायालय, मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ. बघ्यांची इतकी रीघ आहे की गॅलरीतली माणसं दर दहा मिनिटांनी बदलली जातात. अकरा-बारा दिवसांत सुमारे ६०,००० लोक येऊन गेले, असं सांगतात. तुम्हाला मात्र कुणी उठवत नाही. आरोपीच्या जागी वेबस्टर बसलेत, चष्मा लावलेले, शांत. साक्षीला उभे राहिलेल्या डॉक्टरांपैकी अनेकजण त्यांचे सहकारी आहेत. ऑलिव्हर वेंडेल होम्स हे त्यांपैकीच एक, आणि ज्या अध्यासनावरून ते शरीरशास्त्र शिकवतात, त्याला पार्कमन यांचंच नाव आहे.

कीप पिंजऱ्यात येतात. भट्टी, बिघडलेला ठोकळा, अर्ध्या तासाची घाई, छोटं चाक, सगळं ते क्रमाने सांगतात. मग प्लास्टरचा जबडा हातात घेतात आणि जळलेला ठोकळा त्यावर ठेवतात. तो बसतो. ज्यूरीतले लोक पुढे वाकतात. तुम्हीही वाकलात.

त्यांचा पुढचा मुद्दा मला या सगळ्या साक्षीतला सर्वात हुशारीचा वाटतो. वापरातली कवळी पाणी शोषते. ती नुसतीच भट्टीत टाकली असती, तर एकदम धग लागून दात तडतड फुटले असते. हे ठोकळे बऱ्यापैकी शाबूत आहेत, म्हणजे आत टाकताना त्यांच्याभोवती काहीतरी होतं. ते डोक्यासकट आत गेले असावेत. हे सांगताना कीप यांच्या डोळ्यांत पाणी येतं. पार्कमन त्यांचे जुने रुग्ण आणि वेबस्टरही अनोळखी नाहीत.

मग बचाव पक्षाचा साक्षीदार येतो आणि तुम्ही चमकून बघता. विल्यम मॉर्टन. १८४६ च्या त्याच शरद ऋतूत, १६ ऑक्टोबरला, मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथर हुंगवून वेदनेवाचून शस्त्रक्रिया होऊ शकते हे दाखवून देणारे दंतवैद्य. मॉर्टन म्हणतात, या तुकड्यांवर ओळख पटवणारी खास खूण मला दिसत नाही. कवळी चाकाने घासणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि दुसरे दातही या साच्यावर बसवून दाखवता येतात. सरकारी वकील लगेच आणखी दंतवैद्यांना उभं करतात. ते सांगतात की, स्वतःच्या हाताने घडवलेलं काम दंतवैद्य ओळखतोच.

ज्यूरी मॉर्टन यांच्या बाजूने जात नाही. पण त्यांचा प्रश्न ऐकून ठेवा: हे जुळलं खरं, पण दुसऱ्या कुणाचं जुळलंच नसतं, हे तुम्हाला कशावरून माहीत? या खटल्यात त्याला उत्तर होतं. साचा होता, बिघडून पुन्हा केलेला ठोकळा होता, घासलेला उतार होता, जबड्याचे तुकडे होते आणि घडवणारा माणूस समोर उभा होता. पुढच्या प्रत्येक खटल्यात ते असेलच असं नाही.

न्यायमूर्ती शॉ ज्यूरीला वाजवी संशय म्हणजे काय, ते समजावून सांगतात. अमेरिकेतली कोर्टं पुढे कित्येक दशकं ती व्याख्या उद्धृत करत राहतील. ३० मार्चला, तीन तासांच्या आत ज्यूरी परत येते: दोषी. फाशीच्या आधी वेबस्टर कबुली देतात. वादावादीत संतापून लाकडाच्या सोट्याने मारलं, म्हणतात. ३० ऑगस्ट १८५० ला त्यांना फाशी होते. कीप पुढे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्डच्या दंत महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता होतात.

पुढचा मुक्काम पॅरिस, ४ मे १८९७, संध्याकाळ. रू झाँ-गुजाँवरचा धर्मादाय बाजार जळून गेलाय. लाकडी मंडप, रंगवलेले कापडी पडदे, आत खानदानी घराण्यांतल्या बायका, आणि नव्या चलच्चित्र यंत्राच्या ईथरच्या दिव्याने घेतलेला पेट. पाव तासात सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. प्रेतं पॅले द लँद्युस्त्रीमध्ये ओळींनी मांडलीत. कंदील घेऊन नातेवाईक हिंडतायत, अंगठी, बुटाचा तुकडा, चोळीची कडी शोधतायत. जळालेल्या मांसाचा वास घशात बसतो. नाकाला रुमाल लावा, पण थांबा.

पॅराग्वेचे वाणिज्यदूत आल्बेर ओस सुचवतात की दंतवैद्यांना बोलवा. ते येतात, बगलेत आपापल्या नोंदवह्या घेऊन. डॉक्टर डॅव्हनपोर्ट एका प्रेतापाशी गुडघे टेकतात, दिवा जवळ घेतात आणि वहीतल्या नोंदीप्रमाणे एकेक सोन्याचं फिलिंग पडताळतात. ही आलाँसाँची डचेस, ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथची बहीण. माणसाच्या शरीरात दाताच्या एनॅमलइतकं कठीण काही नाही. चेहरा गेला, हात गेले, तरी दात टिकले. पण नुसत्या टिकलेल्या दाताने नाव सांगितलं नसतं. ते वहीने सांगितलं. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, पॅरिसला शिकवणाऱ्या ऑस्कर आमोएदो या क्यूबन दंतवैद्याने न्यायवैद्यकातल्या दंतशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. या शास्त्राला ग्रंथ मिळाला तो इथून.

बर्लिनवरून झरकन जाऊ. मे १९४५, सोव्हिएत सैन्याच्या ताब्यातलं उद्ध्वस्त शहर. हिटलरच्या दंतवैद्याची सहायिका कॅथे हॉयझरमान हिला जबडा दाखवण्यापूर्वी त्याच्या तोंडातलं काम आठवणीने सांगायला लावतात. दातांचा कुठला ब्रिज कुठे कापला होता, इथपर्यंत ती सांगते आणि मग जबड्याशी ते ताडून बघतात. आधी सांगणं, मग बघणं. हा क्रम महत्त्वाचा आहे. ओळख पटवणाऱ्या त्या बाईला पुढची दहा वर्षं सोव्हिएत कैदेत काढावी लागली.

आता मॉर्टन यांच्या प्रश्नाकडे. ॲरिझोना राज्यातलं फीनिक्स शहर, साल १९९२. एअर कंडिशनरची घरघर, गुळगुळीत लाकडी बाकं, कोर्टात टीव्ही ठेवलाय. एका बारमध्ये काम करणाऱ्या बाईचा खून झाला, अंगावर चावल्याच्या खुणा होत्या. पोलिसांनी त्या बारमध्ये नेहमी येणाऱ्या रे क्रोन या टपाल कर्मचाऱ्याला थर्मोकोलच्या कपाचा चावा घ्यायला लावला. त्याचे पुढचे दात वेडेवाकडे आहेत. टीव्हीवर तज्ज्ञाने बनवलेली फीत चालू आहे: दातांचा साचा हळूहळू सरकत त्वचेवरच्या खुणेवर येतो आणि जुळतो. तुम्ही आत्ताच बॉस्टनमध्ये असं जुळताना पाहिलंत. ज्यूरीसारखा तुमचाही विश्वास बसू लागला असेल.

थांबा, हात पुढे करा आणि स्वतःच्या मनगटावर हलकेच चावा. खूण बघा. मूठ वळवा, मनगट फिरवा. खूण ताणली, वाकडी झाली. दहा मिनिटांनी ती सुजेल, रंग बदलेल. कीप यांच्या हातात कठीण वस्तूवर बसणारी कठीण वस्तू होती आणि दोन्ही त्यांनीच घडवलेल्या. इथे एका बाजूला कातडं आहे. झटापटीत ते हललं, सुजलं, मृत्यूनंतर आणखी बदललं. शिवाय असा आकार उमटवू शकणारे दात शहरात किती जणांचे असतील, हे मोजलंय कुणी? कुणीच नाही. फीत बघून ज्यूरी क्रोनला दोषी ठरवते. त्याला मृत्युदंड होतो. दुसऱ्यांदा खटला चालतो, पुन्हा दोषी, या वेळी जन्मठेप. २००२ मध्ये डीएनए तपासणीत दुसऱ्याच माणसाचं नाव निघतं, जो वेगळ्या गुन्ह्यासाठी आधीच तुरुंगात आहे. क्रोन दहा वर्षांनी सुटतो. अमेरिकेत मृत्युदंड झाल्यावर निर्दोष सुटलेल्यांच्या यादीत तो शंभरावा. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलं की, चाव्याच्या खुणा जुळवण्याच्या पद्धतीला शास्त्रीय पाया नाही. मॉर्टन यांच्या साक्षीनंतर एकशे सहासष्ट वर्षांनी.

तुमच्या मनात डिसेंबर २०१२ ची दिल्ली, निर्भयाचं प्रकरण, आलं असणार. तिथे मी तुम्हाला नेत नाही. तिथलं काही जवळून बघण्याचा हक्क आपल्याला नाही. कागदावरचं तेवढं सांगतो. त्या खटल्यात चाव्यांच्या खुणांचे फोटो आणि आरोपींच्या दातांचे साचे धारवाडच्या दंत महाविद्यालयातल्या तज्ज्ञाने तपासले. ५ मे २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा स्वीकारला. पण तिथे तो एकटा नव्हता. मृत्युपूर्व जबाब होते, डीएनए होता, जप्त मुद्देमाल होता. चाव्याची खूण कोर्टात यायचीच असेल, तर ती अशी चारजणांच्या खांद्यावर यावी. एकट्या तिच्या जिवावर कुणाला फासावर चढवू नये, आणि आपल्याकडच्या वकिलांनी व न्यायाधीशांनी फीनिक्सची ही हकीकत वाचलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा मुक्काम थायलंड, जानेवारी २००५. त्सुनामीला काही आठवडे झालेत. रबरी हातमोज्यांत तुमची बोटं घामाने भिजलीत. प्रेतं ठेवलेल्या शीतपेट्यांची धडधड दिवसभर कानात असते. देशोदेशींचे दंतवैद्य जोडीजोडीने काम करताहेत. एक तोंडात आरसा धरून आकडे सांगतो, दुसरा लिहितो. छत्तीस, चांदी भरलेली. सेहेचाळीस, नाही. एकवीस, कॅप. जगातल्या बहुतेक देशांत दातांचे हे दोन अंकी क्रमांक चालतात, म्हणून स्वीडनचा दंतवैद्य सांगतो ते ऑस्ट्रेलियाच्या दंतवैद्याला कळतं. तुम्ही लिहिणाऱ्याच्या शेजारी बसलात. गुलाबी फॉर्म मृतदेहाचा. पिवळा फॉर्म हरवलेल्या माणसाचा, त्याच्या घरच्यांनी आणि दंतवैद्याने भरून पाठवलेला. दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडायची.

परदेशी पर्यटकांचे पिवळे फॉर्म भराभर येतात. त्यांच्या गावचे दंतवैद्य जुने एक्स-रे आणि तक्ते पाठवून देतात. सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेक ओळखी दातांवरूनच पटतात. थायी नागरिकांच्या ओळखपत्रासाठी घेतलेले बोटांचे ठसे सरकारदरबारी आहेत, ते तिथे कामी येतात. पण या किनाऱ्यावर बांधकामावर आणि मासेमारीच्या बोटींवर राबणारे म्यानमारचे मजूरही होते. त्यांचा ना ठसा, ना एक्स-रे. त्यांच्या गुलाबी फॉर्मवर दातांची सगळी माहिती नीट भरलेली आहे. समोर ठेवायला पिवळा कागद नाही. त्यांचे दातही डचेसच्या दातांइतकेच टिकलेत.

आपल्याकडच्या किती दवाखान्यांत आज रुग्णाच्या दातांचा तक्ता भरून ठेवतात? गावाकडच्या कित्येक ठिकाणी वहीत नाव आणि घेतलेले पैसे असतात. एक्स-रेची फिल्म पाकिटात घालून आपल्याच हातात देतात, आणि ते पाकीट रेशनकार्डाच्या पिशवीत जातं किंवा घर बदलताना हरवतं. अपघात, आग, पूर आपल्याकडे कमी होत नाहीत. दंतवैद्यांच्या संघटनांनी आणि महाविद्यालयांनी हा प्रश्न आपला मानायला हवा. सगळं मोबाइलमध्ये मावतं, अशा काळात तर नक्कीच.

लिहिणारा उठून पाणी प्यायला गेलाय. त्याची खुर्ची रिकामी आहे, पेन टेबलावर आहे आणि पिवळ्या फॉर्मचा कोरा गठ्ठा तुमच्या समोर. एक ओढून घ्या. वर स्वतःचं नाव घाला. दातांचं पान उलटा. दंतवैद्याचं नाव आणि पत्ता विचारलाय. मग शेवटचा एक्स-रे कधी काढला, तो सध्या कुणाकडे आहे. मग वरच्या उजव्या कोपऱ्यापासून बत्तीस चौकटी. आठवतंय तेवढं भरा.